चार फूट असो की बारा

नाशिकच्या सातपूरला महापालिकेचा जलतरण तलाव आहे. एमआयडीसीतली पाळी सांभाळून चाळिशीत पोहायला शिकणाऱ्याची गाडी अशा तलावात बहुधा एकाच जागी अडते. छातीभर पाण्यात तो हातपाय छान मारतो. पायाखालची फरशी सुटली की श्वास अडकतो, मान ताठ होते आणि हात कठड्याकडे धावतात. या भीतीची लाज वाटायचं कारण नाही. पण तिच्यामागचे काही समज साफ चुकीचे आहेत.

‘खोल पाणी खाली ओढतं’ हा त्यातला सर्वांत चिवट. पाणी अंगाला वर उचलतं ते अंगाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मांडलेल्या या हिशेबात तळ किती खाली आहे, हा आकडा येतच नाही. चार फुटांत तरंगणारा माणूस बारा फुटांतही तेवढाच तरंगतो. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांचं शरीर गोड्या पाण्याहून किंचित हलकं असतं. सगळी हवा सोडली की किंचित जड. घाबरलेला माणूस नेमका इथे चुकतो. ओरडून हवा घालवतो आणि डोकं पाण्याबाहेर काढायला धडपडतो. डोकं चार-पाच किलोचं. पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलतं, बाहेर काढलं की पाय खाली जातात. म्हणून उताणं तरंगताना कान पाण्यात बुडू द्यायचे. काटक, पिळदार अंगाच्या माणसाचे पाय तरीही खाली जातील. तोंड वर राहिलं की झालं.

‘विहिरीत ढकललं की आपोआप येतं,’ असं अजूनही अभिमानाने सांगितलं जातं. पण गावाकडची शहाणी माणसं पोराला नुसती ढकलत नसत. कमरेला दोर, पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड, आणि पाण्यात आधीच उतरलेला काका. सांगड विसरली गेली, ढकलणं तेवढं लक्षात राहिलं. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना ससा रोज थोडा जवळ आणला, आणि भीती गेली. खोल पाण्याचंही तसंच. आधी उथळ बाजूला तोंड बुडवून बुडबुडे सोडायचे. मग तरंगून पुन्हा पायावर उभं राहायला शिकायचं. ही उभं राहण्याची खात्री फार मोलाची. त्यानंतर कठडा धरून, प्रशिक्षक शेजारी असताना, खोल बाजूला जायचं आणि तिथे उभं पोहायला शिकायचं. एखाद्या दिवशी मागे यावंसं वाटलं तर खुशाल यावं.

‘बुडणारा ओरडतो, हात हलवतो’ हा समज मात्र जिवावर बेततो. फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना मिळालेला क्षण श्वासातच जातो, हाकेला उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात. २० ते ६० सेकंदांत सगळं संपू शकतं.

आणि ‘तलावात आलं म्हणजे सगळीकडे आलं’ हेही खरं नाही. गंगापूर धरणाच्या पाण्यात किंवा सोमेश्वरच्या खडकांत वाटणारी भीती योग्यच आहे, ती जपावी. तिथे कठडा नाही, तळ दिसत नाही, गाळात पाय रुततो, पावसाळ्यात ओढ वाढते. कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो. मदतीला हाका मारा. काठावरूनच काठी, ओढणी, दोर पुढे करा. काहीच नसेल तर झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेका. पाच लिटरचा कॅन जवळपास पाच किलो भार पाण्यावर पेलतो, म्हणजे साधारण एका डोक्याएवढा.