जुना मॉनिटर, नवे कार्ड

धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात. तेलंगणाची सीमा जवळच आहे. त्यामुळे तेथे मराठी, तेलुगू आणि उर्दू या भाषा कानांवर पडतात. दोघांना एकमेकांची भाषा कळली नाही, तर तिसरा माणूस मदत करतो. तो एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगतो. त्याला दुभाष्या म्हणतात. संगणकालाही कधी कधी दुभाष्या लागतो.

समजा, तुमच्या घरी जुना संगणक आहे. भाईजाननी पैसे साठवून नवे ग्राफिक्स कार्ड आणले. कार्ड चित्र तयार करते आणि मॉनिटर ते दाखवतो. पण मॉनिटरची केबल कार्डाला बसेना! मग मॉनिटर फेकून द्यायचा का? थांबा. आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे केबलचे टोक. त्यात तीन ओळींत पंधरा पिना असतील, तर ती व्हीजीए केबल होय. ही जोडणी १९८७ साली आली. नव्या कार्डांवर बहुधा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असते.

दुसरी गोष्ट म्हणजे संकेतांची भाषा. व्हीजीएमध्ये विजेचा दाब कमीजास्त होतो व त्यातून चित्र कळते. एचडीएमआयमध्ये तेच चित्र शून्य आणि एक या अंकांत जाते. म्हणून नुसता आकार जुळवून भागत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. हाच आपला दुभाष्या! तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा आहे ना, हे दुकानात विचारा. उलट दिशेचा येथे चालत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉनिटरची क्षमता. एखादा जुना मॉनिटर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके, सेकंदाला ६० वेळा दाखवतो. कार्डाने त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त पाठवले, तर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' असे दिसते किंवा पडदा काळा राहतो. अशा वेळी मॉनिटर बिघडला असे समजू नका. माहितीपुस्तिकेत त्याची क्षमता पाहा आणि सेटिंग कमी करा.

जुन्या, फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ते विषारी आहे. म्हणून असा मॉनिटर उकिरड्यावर टाकू नये. छोट्याशा कन्व्हर्टरने काम भागले, तर घरचे पैसेही वाचतात. वस्तू टाकण्याआधी तिची नीट तपासणी करावी, हेच शहाणपणाचे!