कबरस्तानाच्या भिंतीला लागून

डब्लिनच्या मध्यवस्तीतून उत्तरेला साधारण तीन किलोमीटर गेलं की ग्लासनेव्हिन लागतं. तिथे तीन गोष्टी एकमेकींना खेटून आहेत: १७९५ साली सुरू झालेली राष्ट्रीय वनस्पती बाग, १८३२ सालचं कबरस्तान आणि कबरस्तानाच्या जुन्या फाटकाला लागून १८३३ पासून चालू असलेला पब. पाटीवर नाव आहे ‘जॉन कॅव्हना’. गावात मात्र तो ‘ग्रेव्हडिगर्स’, म्हणजे कबरी खणणाऱ्यांचा म्हणूनच ओळखला जातो. मालकी अजून कॅव्हनांकडेच आहे. घराण्याची सातवी-आठवी पिढी आता काउंटरमागे उभी असते.

आयर्लंडला जाऊन आलेला प्रत्येक जण तिथल्या पबचा अगत्यशीलपणा वाखाणतो आणि त्याचं श्रेय आयरिश स्वभावाला देतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. बसस्टॉपवर, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत आयरिश माणूस चारचौघांसारखाच गप्प उभा असतो. पबमध्ये तो बोलू लागतो, कारण त्याने बोलावं अशी तिथली सगळी मांडणी केलेली असते. ती मांडणी हे एक कसब आहे आणि ग्रेव्हडिगर्समध्ये ते फारसं न बदलता पाहायला मिळतं.

आधी शेजाऱ्याविषयी. अठराव्या शतकातल्या जाचक कायद्यांमुळे आयर्लंडमधल्या कॅथलिकांना स्वतःची दफनभूमीच नव्हती. प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात पुरायचं आणि तेही प्रार्थना आवरती घेऊन. १८२३ मध्ये अशाच एका दफनाच्या वेळी कॅथलिक धर्मगुरूला प्रार्थनेवरून हटकण्यात आलं आणि प्रकरण पेटलं. डॅनियल ओ’कॉनेल या वकील-पुढाऱ्याने ते लावून धरलं आणि त्यातून सर्व धर्मांना खुलं असं हे कबरस्तान उभं राहिलं. आज तिथे पंधरा लाखांच्या आसपास माणसं विसावली आहेत. डब्लिन शहरात जिवंत माणसं त्याच्या निम्मीही नाहीत. ओ’कॉनेल स्वतः तिथे आहे, पार्नेल, मायकेल कॉलिन्स, डी व्हॅलेरा हे आयरिश राजकारणातले पुढारी आहेत. पबमध्ये आयुष्य घालवलेला नाटककार ब्रेंडन बीहनही आहे. भिंतीवर टेहळणीचे बुरूज दिसतात, ते प्रेतचोरांसाठी. वैद्यकशाळांना चिरफाडीसाठी मृतदेह विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता.

जेम्स जॉइसच्या ‘युलिसीस’ या कादंबरीतली अंत्ययात्रा याच कबरस्तानात येते. अशा यात्रा इथे रोज यायच्या. माती देऊन झाली की माणसं गारठलेली असायची, घसा कोरडा पडलेला असायचा आणि घरी जायचं धाडस होत नसायचं. फाटकाशीच दार उघडं होतं. खणणारे मजूर तर हक्काचे गिऱ्हाईक. ते म्हणे कुदळीने भिंत ठोकायचे आणि पलीकडून बिअरचा पाइंट हाती यायचा. ही गोष्ट तिथे इतक्या आवृत्त्यांमध्ये ऐकायला मिळते की कोणती खरी, हे विचारणं मी सोडून दिलं.

आत टीव्ही नाही. संगीत नाही. गाणं म्हणायची प्रथा नाही. आयरिश पब म्हटला की फिडल आणि बोधरान ही वाद्यं वाजणार असं गृहीत धरून आलेले पर्यटक जरा हिरमुसतात. पण जुन्या शहरी पबची रीत हीच होती. वाद्यांच्या बैठकी घरांतून, चौकांतून व्हायच्या; त्या पबमध्ये मोठ्या प्रमाणावर आल्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ग्रेव्हडिगर्सने ते वारं आत येऊ दिलं नाही. परिणाम असा की शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर पडतंच आणि तिसऱ्या मिनिटाला तुम्ही त्यात ओढले जाता. मुंबईतल्या जुन्या इराण्याकडे ‘हे करू नये, ते करू नये’ अशी पाट्यांची माळ असायची आणि तरीही माणसं तासन्‌तास बसायची. त्याच जातीचा हा नकार आहे.

खोलीची रचनाही याच कामी लागते. खाली झिजलेल्या लाकडी फळ्या, माणूसभर उंचीचे आडोसे, लहान लहान बाकं. काउंटरमागे खणांची रांग, कारण एकेकाळी आयरिश पब म्हणजे किराण्याचंही दुकान असे. चहा, साखर, मसाले पुढच्या बाजूला आणि दारू मागे. मालक पिंपातली गिनेस ही काळी बिअर स्वतःच बाटल्यांत भरून त्यावर आपल्या नावाचं लेबल चिकटवायचा. इंग्लंडमधल्या पबला राजाचं, सिंहाचं, नांगराचं नाव असतं. इथे बहुधा घराण्याचं आडनाव असतं. माल वाईट निघाला तर बदनामी आडनावाची.

‘स्नग’ नावाची बंदिस्त खोपटी हाही त्याच रचनेचा भाग. पाद्री, पोलीस आणि बायका यांनी चारचौघांत पिताना दिसू नये म्हणून ती सोय होती. अगत्याची ही दुसरी बाजू सांगायलाच हवी. कित्येक पबमध्ये बाईला पूर्ण पाइंट देत नसत, अर्धा ग्लास घ्या म्हणत. १९७० च्या दशकात पत्रकार नेल मॅककॅफर्टी आणि तिच्या मैत्रिणींनी एका पबमध्ये तीस ब्रँडी मागवल्या आणि त्या आल्यावर वर एक पाइंट मागितला. पाइंट नाकारला गेला, तेव्हा ब्रँडीचे पैसे न देता सगळ्या उठून गेल्या. असा भेदभाव कायद्याने स्पष्टपणे बंद झाला तो २००० साली.

आता गिनेसचा पाइंट. ५६८ मिलिलिटरचा हा ग्लास भरताना घाई चालत नाही. ग्लास तिरपा धरून पाऊण भरायचा, मग ठेवून द्यायचा. त्यात तपकिरी ढग खाली-वर होत राहतात आणि गंमत म्हणजे काचेलगतचे बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली जाताना दिसतात. मधल्या भागातले बुडबुडे वर चढताना द्रव सोबत नेतात, तो कडेने परत उतरतो आणि कडेच्या बुडबुड्यांना खाली ओढतो. सगळं निवळलं की उरलेलं भरायचं, साईसारखा पांढरा थर काठाच्या किंचित वर आणून. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगते. त्यातला अर्धा सेकंद जाहिरातवाल्यांचा असावा.

ही साय नायट्रोजनची आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल ॲश या गणितज्ञाने कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन वापरण्याची पद्धत बसवली. त्याआधी एका पिंपातली ताजी फेसाळ आणि दुसऱ्यातली मुरलेली अशी मिसळ बारमनला हाताने साधावी लागे. यंत्राने ते काम सोपं केलं, पण सगळं नाही. नळ्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत, ग्लासला तेलकटपणा राहिला किंवा खप कमी असल्याने पिंप पडून राहिलं, तर तोच माल बेचव लागतो. म्हणून डब्लिनकर पाइंटची चर्चा करताना कंपनीचं नाव घेत नाहीत, पबचं घेतात. ग्रेव्हडिगर्सचं नाव या चर्चेत बरंच वर असतं.

त्या दोन मिनिटांचा खरा उपयोग वेगळाच आहे. ग्लास निवळेपर्यंत तुम्ही काउंटरशी उभे असता आणि बारमनही. हवेवर बोलणं होतं, मग तुम्ही कुठले, मग तिकडे पाऊस कसा. वेटर टेबलाशी येत नाही, उठून जावं लागतं, म्हणून हे बोलणं टळत नाही. त्यात ‘राउंड’ची रीत. चौघे बसले तर प्रत्येकाने पाळीपाळीने चौघांचं आणायचं. आपली पाळी यायच्या आत सटकणाऱ्याचं नाव पुढे कित्येक वर्षं निघतं. पाहुण्याने हे आधी समजून घ्यावं. पीत नसाल तरी पाळी चुकत नाही. हल्ली बिनअल्कोहोलची गिनेस मिळते, तिने भागतं. भूक लागली तर ‘कॉडल’ मागावं: बटाटे, कांदा, सॉसेज आणि डुकराच्या मांसाचे काप मंद आचेवर शिजवलेलं डब्लिनचं गरिबाघरचं कालवण. दिसायला अगदीच फिकट, पण थंडीत पोटाला आधार देणारं.

मृत्यूशी पबचं नातं फक्त ग्लासनेव्हिनपुरतं नाही. १८४६ च्या कायद्याने बेवारस किंवा संशयास्पद मृतदेह चौकशी होईपर्यंत जवळच्या पबमध्ये ठेवण्याची सोय केली होती, कारण तळघर थंड असे. ती तरतूद १९६२ पर्यंत टिकली. खेड्यांत आजही काही ठिकाणी पबमालकच अंत्यविधीची व्यवस्था पाहतो.

सरकारने या धंद्याला सतत वेसण घातली. १९२७ पासून गुड फ्रायडेला पब बंद असत. ती बंदी २०१८ मध्ये उठली, तेव्हा देशाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे पब बंद करण्याचा निर्णयही वराडकरांच्याच सरकारला घ्यावा लागला. जूनअखेर दारं किलकिली झाली ती अट घालून: किमान नऊ युरोंचं जेवण मागवाल तरच पेय. नुसत्या पाइंटवर चालणाऱ्या खेड्यातल्या पबांना ती अट पेलणारी नव्हती.

आयरिश पब जगभर निघाले आहेत. १९९० च्या दशकात डब्लिनच्या एका कंपनीने गिनेसच्या साथीने लाकूडकाम, जुन्या बाटल्या, पाट्या असा सगळा संच कंटेनरमध्ये भरून परदेशी पाठवायला सुरुवात केली. ‘कॉटेज’, ‘व्हिक्टोरियन’, ‘दुकान’ असे नमुने निवडता येत. त्यांतले काही सुरेखही आहेत. आयर्लंडमध्ये मात्र उलटी गंगा वाहते आहे. २००५ ते २०२१ या काळात अठराशेहून अधिक पब बंद झाले. पबमालकांच्या मुलांना आठवड्याचे सातही दिवस रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं नाही, घरी पिणं स्वस्त पडतं आणि गाडी चालवताना चालणारी मद्याची मर्यादाही २०११ मध्ये आणखी खाली आली.

शिवाय परवान्याचं गणित आहे. १९०२ च्या कायद्यापासून नवा परवाना सहसा मिळत नाही; एखादा जुना रद्द करून घ्यावा लागतो. आधी हा जुना परवाना त्याच परिसरातला असावा लागे, २००० पासून तो देशातल्या कुठल्याही भागातून आणता येतो. त्यामुळे मेयो किंवा केरी परगण्यातल्या खेड्यात वारस नसलेल्या पबचा परवाना विकला जातो आणि डब्लिनच्या उपनगरातल्या एखाद्या सुपरमार्केटला बाटल्यांची फळी मांडता येते.