तोफेच्या गाड्याचें लोखंडकाम

शेतकरी बंधूंस बैलगाडीचें चाक नवें नाहीं, म्हणून तोफेच्या गाड्याचा विषय या मासिकांत अप्रस्तुत वाटूं नये. गडोगडीं तोफा मातींत लोळत पडल्या, त्या त्यांचे लांकडी गाडे कुजून गेल्यामुळें. अलीकडे दुर्गप्रेमी मंडळींनीं कित्येक गडांवर सागवानी गाडे करवून तोफा पुन्हां त्यांवर चढविल्या आहेत.

आमच्या गणेशपुरीहून वज्रेश्वरी अगदीं जवळ. १७३९ सालीं वसई सर झाल्यावर चिमाजीअप्पांच्या नवसाप्रमाणें तेथील देवालय बांधलें गेलें. त्या विजयाचा देखावा वैशाखांत काढावा असें गांवांतील मुलांनीं ठरविलें. तोफ लांकडाची, केवळ दाखविण्यापुरती. तिचा गाडा करविण्याचें काम मजकडे आलें. माझी हयात सात-बाराचे उतारे लिहिण्यांत गेलेली! सुतारकाम मीं नीट पाहिलें आणि लोखंडाकडे दुर्लक्ष केलें. तीन फुटी चाकांस पट्टी थंडच वांकवून खिळ्यांनीं ठोकविली. चैत्राच्या उन्हांत लांकूड आटलें, आणि तालमीच्या दिवशीं उतारावर पट्टी निसटून एका मुलाच्या पायाजवळून गेली. तो वांचला हें दैव. माझें शहाणपण नव्हे.

मग शेजारच्या गांवच्या एका वृद्ध लोहारास गांठलें. त्यानें चाकाचा घेर मोजला, तो ९ फूट ५ इंच भरला. धाव त्याहून अर्धा इंच कमी ठेवून तिचीं टोकें भट्टींत सांधलीं व गोंवऱ्यांच्या आगींत ती लाल होईपर्यंत तापविली. एवढ्या तापानें तितकें लोखंड पाऊण इंचाहून कांहींसें अधिक वाढतें. म्हणून धाव चाकावर अलगद उतरते, आणि पाणी ओततांच आकसून पाटे, आरे व तुंबा यांस एकजीव आवळते. पाणी मात्र लगोलग हवें, नाहींतर पाटे जळतात.

तोफेच्या दोहों अंगांस आडवे खुंट असतात; बहुतेक भार त्यांवरच. ते गाड्याच्या फळ्यांतील खांचांत बसतात. खांचेंत लोखंडी पत्रा घालावा, वरून कमानदार पट्टी बसवावी, व ती खिळ्यांनीं न ठोकतां फळीच्या आरपार बोल्ट घालून आवळावी. खिळा धक्क्यानें सैल होतो. बोल्ट पुन्हां आवळतां येतो.

फळ्या सागाच्या घ्याव्या. ऐन व बाभूळ कठीण खरीं, पण त्यांतील तुरट द्रव्य ओलाव्यांत लोखंडास खातें. सागाचा तसा अपाय नाहीं. कोणास गडावरील खऱ्या तोफेसाठीं गाडा करावयाचा असल्यास आधीं पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्यावी, हें जुन्या कारकुनाचें सांगणें.

रबरी चाकांच्या गाड्या आल्यापासून त्या लोहाराकडे धाव चढविण्याचें काम आलेंच नव्हतें. त्याचा मुलगा वेल्डिंगचें दुकान चालवितो. त्या दिवशीं त्यानें दुकान बंद ठेवून बापासमोर सांडशी धरली, आणि दुसऱ्या चाकाची धाव स्वतः उतरविली.