टाकाऊ टायरपासून पादत्राणे : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुके मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे, तर महाडहून वरंध घाट भोरकडे जातो. जड वाहतुकीच्या अशा परिसरात झिजलेले टायर साचणे ओघानेच येते. येथील वार्षिक पर्जन्यमान ३००० मिलिमीटरहून अधिक असल्याने उघड्यावरील टायरमध्ये पाणी साठून डेंग्यूवाहक एडिस डासांची पैदास होऊ शकते. प्रस्तुत लेखात 'टायरची चप्पल' या परिचित वस्तूचा पुनर्वापराच्या दृष्टीने विचार केला आहे.

रबराचे स्वरूप :
चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकासह तापविण्याची प्रक्रिया शोधली. गंधकामुळे रबराच्या रेणुसाखळ्या परस्परांशी जोडल्या जातात व रबर टिकाऊ बनते. मात्र ते प्लास्टिकप्रमाणे वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. म्हणून टायरचा चुरा करून तो डांबरात मिसळणे, उष्णता व रसायने वापरून रबर पुनःप्राप्त करणे किंवा पायरोलिसिसद्वारे तेल काढणे असे मार्ग अवलंबिले जातात. या सर्वांना यंत्रसामग्री व ऊर्जा लागते. चप्पल करताना मात्र टायर आहे त्याच स्थितीत कापला जातो.

निर्मितीप्रक्रिया :
कारागीर टायरच्या काठावरील तारेची कडी वेगळी करतो, थर सोलून जाडी कमी करतो, पायाच्या मापाने रापीने तळ कापतो आणि त्यास पट्टे खिळ्यांनी वा शिवणीने जोडतो. सततच्या ओलाव्याने चामडे कुजते, टायरचा तळ कुजत नाही. त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात ही चप्पल उपयुक्त ठरते. वजन व कडकपणा या तिच्या मर्यादा होत. व्हिएतनाममध्येही युद्धकाळात सैनिकांनी टायरच्या सँडल वापरल्या होत्या.

कारागिरासमोरील अडचणी :
पहिली अडचण तांत्रिक आहे. नायलॉनच्या थरांचे जुने टायर रापीने कापता येत. ट्रक व बस यांच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे जाळे असल्याने ते हाताने कापणे कठीण व धोक्याचे असते. रेडियल टायरचा प्रसार वाढतो, तसा कारागिराचा कच्चा माल घटतो.

दुसरी अडचण धोरणात्मक आहे. केंद्र शासनाने २१ जुलै २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनी टायर-उत्पादकांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी टाकली. त्यानुसार पुनःप्राप्त रबर, रबराचा चुरा, पायरोलिसिस तेल आदी उत्पादनांसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रकांना प्रमाणपत्रे मिळतात. टायर कापून केलेल्या चपलेचा या उत्पादनांच्या यादीत समावेश नाही. परिणामी सर्वांत कमी ऊर्जा लागणारा पुनर्वापरच हिशेबाबाहेर राहतो.

तिसरी अडचण प्रतिष्ठेची आहे. मुंबईतील 'पादुक्स' व पुण्यातील 'नेमिताल' या व्यवसायांनी टायरच्या तळाची पादत्राणे पर्यावरणपूरक म्हणून शहरी ग्राहकांपुढे आणली. खेड्यातील टायरची चप्पल मात्र दारिद्र्याची खूण मानली गेली. वस्तुतः दोहोंमागील तत्त्व एकच आहे.

निष्कर्ष व सूचना :
१) पोलादी तारा कापणारी छोटी यंत्रे सामायिक तत्त्वावर उपलब्ध व्हावीत. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने यात पुढाकार घेणे उचित ठरेल.
२) कारागिरांच्या गटांना सामूहिक नोंदणी करता यावी व त्यांनी वापरलेल्या टायरची नोंद प्रमाणपत्र-व्यवस्थेत व्हावी.
३) महाविद्यालयांनी रसायनशास्त्र व अर्थशास्त्र विभागांच्या संयुक्त प्रकल्पांतून परिसरातील टाकाऊ टायरची मोजणी करावी.

१९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाची भूमी असलेल्या महाडमध्ये हा व्यवसाय जन्माने लादलेले काम म्हणून नव्हे, तर कोणासही शिकता येणारे व योग्य मोबदला देणारे कौशल्य म्हणून उभा राहिला पाहिजे. पर्यावरणरक्षणाचा लाभ समाजाला मिळावा आणि त्याचे कष्ट मात्र एकाच समूहाच्या वाट्याला यावेत, हे न्याय्य ठरणार नाही.