हॅरीला ‘हो’ म्हणणारा माणूस

‘हॅरी पॉटर’चे आठही भाग किती वेळा पाहिलेत? बरेच जण म्हणतील, मोजायचं सोडून दिलंय. डॅनियल रॅडक्लिफ, एमा वॉटसन, रुपर्ट ग्रिंट ही नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. दिग्दर्शकांपैकीही एखाद-दोन नावं आठवतील. पण आठही सिनेमांच्या श्रेयनामावलीत दिसणारं निर्मात्याचं नाव कुठलं? इथे भल्याभल्या पॉटरहेड्सची विकेट पडते.

उत्तर आहे, डेव्हिड हेमन. लंडनचा ब्रिटिश निर्माता. ‘ग्रॅव्हिटी’ त्याचा. ‘पॅडिंग्टन’ त्याचा. ‘मॅरेज स्टोरी’, टॅरँटिनोचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवुड’, २०२३ मध्ये सगळं जग गुलाबी करून टाकणारा ‘बार्बी’ आणि त्याच वर्षीचा ‘वोंका’, या सगळ्यांच्या निर्मात्यांमध्ये त्याचं नाव आहे. आणि २०२५ मध्ये जाहीर झालं, की जेम्स बाँडचा पुढचा सिनेमाही तोच करणार, एमी पास्कलच्या जोडीने.

एवढं करूनही हा माणूस रस्त्यात दिसला तर आपण ओळखणार नाही. कारण निर्माता नेमकं काय करतो हेच आपल्याला धड माहीत नसतं. आपल्या डोक्यातला निर्माता म्हणजे बोटात अंगठ्या घालून फिरणारा, पैसे लावणारा शेठ. हेमनच्या दुनियेत पैसे बहुतेक वेळा स्टुडिओ लावतो. निर्माता गोष्ट शोधतो, तिचे हक्क मिळवतो, लेखक आणि दिग्दर्शक जमवतो, स्टुडिओला पटवतो आणि सिनेमा थिएटरात लागेपर्यंत सगळ्यांची भांडणं सोडवत तिथेच उभा राहतो. कॉलेजच्या एकांकिकेत हॉलची परवानगी काढणारा, रुसलेल्या लेखकाला चहाला नेणारा आणि दिग्दर्शकाला ‘अरे, शेवट चालत नाहीये’ हे तोंडावर सांगणारा एक जण असतो ना? तो.

सिनेमा घरातच होता

एक गोष्ट आधीच सांगून टाकूया. हेमनची कथा ‘शून्यातून विश्व’ छापाची नाही. १९६१ मध्ये तो जन्मला तो सिनेमावाल्यांच्या घरात. वडील जॉन हेमन निर्माते. त्यांच्या ‘द गो-बिटवीन’ने १९७१ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. आई नॉर्मा हेमनही निर्माती. ‘डेंजरस लिएझाँ’साठी तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन होतं. शिक्षण लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत, मग थेट हार्वर्ड. तिथे त्याने कलेचा इतिहास शिकला. म्हणजे दार ठोठवायची वेळ आली तेव्हा आत ओळखीचे लोक होते. हे विसरून त्याची कथा वाचली तर आपण स्वतःलाच फसवतो.

पण दारातून आत गेल्यावरचं काम कुणालाच सुटत नाही. सुरुवात झाली प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून, म्हणजे सेटवरची पडेल ती कामं. त्यातला एक सिनेमा होता डेव्हिड लीनचा १९८४ चा ‘अ पॅसेज टू इंडिया’. बेंगळुरूच्या परिसरात बराचसा चित्रित झालेला, आणि ज्यात आपला व्हिक्टर बॅनर्जी डॉ. अझीझ होता, तोच.

पुढे हेमन अमेरिकेत गेला, वॉर्नर ब्रदर्स आणि नंतर युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओंत नोकरी केली. काम काय? ढिगाने येणाऱ्या पटकथा वाचायच्या आणि मत द्यायचं. मग नोकरी सोडून स्वतंत्र निर्माता झाला. १९९२ चा ‘ज्यूस’ हा त्याच्या सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या चार पोरांची गोष्ट, त्यातला एक रॅपर टुपाक शकूर. कुठे हार्लेमची टोळी आणि कुठे हॉगवर्ट्स! पण नीट बघा, दोन्हीकडे वयात येणारी मुलंच आहेत.

सोमवारची मीटिंग

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पस्तिशीतला हेमन लंडनला परतला आणि त्याने ‘हेडे फिल्म्स’ ही छोटी कंपनी काढली. डोक्यात योजना साधी होती. ब्रिटनमध्ये चांगली पुस्तकं आहेत, हॉलिवुडकडे पैसे आहेत, आपण मधला पूल व्हायचं. मुलांसाठीचं एखादं पुस्तक मिळतंय का याचा शोध सुरू झाला.

१९९७ मध्ये एका अनोळखी लेखिकेचं पहिलंवहिलं पुस्तक ऑफिसात येऊन पडलं. ते गेलं बिनमहत्त्वाच्या पुस्तकांच्या शेल्फवर. ‘कधीतरी बघू’ वर्गातलं. ऑफिसमधल्या सेक्रेटरीने शुक्रवारी जाताना ते वाचायला घरी नेलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये हेमनने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणी काही चांगलं वाचलं का? ती म्हणाली, हो, एक पुस्तक आवडलं. नाव ऐकून हेमनने तोंड वाकडं केलं. त्याला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं, हे त्याने स्वतःच पुढे अनेक मुलाखतींत सांगितलंय. मग त्याने विचारलं, कशाबद्दल आहे? जादूच्या शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल.

त्या रात्री त्याने ते वाचायला घेतलं आणि खाली ठेवलं नाही. पुस्तक होतं ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’.

तेव्हा जे. के. रोलिंग हे नाव कुणाला माहीत नव्हतं. त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती जेमतेम ५०० प्रतींची होती. आज आपल्याला वाटतं, हे तर कुणीही उचललं असतं. पण तेव्हा ते शेल्फवर पडून होतं, आणि बॉसलाही त्याचं नाव पसंत नव्हतं. या कथेत दोन ‘हो’ आहेत. पहिला त्या सेक्रेटरीचा, दुसरा हेमनचा. सिनेमाच्या पोस्टरवर दुसरं नाव आहे, पहिलं नाही. ज्युनिअर म्हणून कुठेही इंटर्नशिप केली असेल, तर यातली बोच वेगळी समजावून सांगायला नको. पण हेमनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागेल. त्याने खोलीतल्या सगळ्यांना विचारलं होतं, आणि स्वतःचं पहिलं मत चुकलं हे लगेच मान्य केलं.

शब्द पाळायचा तर...

हेमनने वॉर्नर ब्रदर्समधल्या लायोनेल विग्रम या जुन्या मित्रामार्फत स्टुडिओला पुस्तक दाखवलं. रोलिंगला त्याने शब्द दिला, की सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक राहील. शब्द देणं सोपं असतं. खरी परीक्षा पुढे होती, कारण हक्कांचे सोपस्कार होईपर्यंत पुस्तक जगभर गाजायला लागलं आणि सगळ्यांनाच त्यात रस वाटू लागला. स्टीव्हन स्पीलबर्गच्या नावाचीही चर्चा झाली, पण अखेर तो बाजूला झाला आणि ख्रिस कोलंबस दिग्दर्शक म्हणून आला. कलाकार ब्रिटिशच हवेत ही लेखिकेची अट होती. ती इतकी काटेकोर पाळली गेली, की हॅग्रिडची भूमिका करायला उत्सुक असलेल्या रॉबिन विल्यम्ससारख्या स्टारलाही नकार मिळाला.

हॅरी मात्र सापडत नव्हता. कित्येक महिने ऑडिशन्स चालल्या. एका संध्याकाळी हेमन पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्जबरोबर लंडनमध्ये नाटकाला गेला आणि जवळच्याच रांगेत आईवडिलांसोबत बसलेला एक मोठ्या निळ्या डोळ्यांचा मुलगा त्याला दिसला. वडील ओळखीचे निघाले. मुलाचं नाव डॅनियल रॅडक्लिफ. कोलंबसनेही त्याला आधी बीबीसीच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये पाहिलं होतं आणि त्याला तोच हवा होता. अडचण एकच. मुलाचं बालपण हरवेल म्हणून आईवडील तयार नव्हते. त्यांची समजूत काढणं हेही निर्मात्याचंच काम.

२००१ ते २०११ या काळात आठ सिनेमे आले. लंडनजवळच्या लीव्ह्जडनमध्ये विमानांच्या जुन्या कारखान्यात हॉगवर्ट्स उभं राहिलं. मुलं सेटवरच अभ्यास करत, परीक्षा देत मोठी झाली. दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणानंतर डंबलडोर साकारणारे रिचर्ड हॅरिस गेले, त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले. दिग्दर्शक चार झाले. निर्माता तोच राहिला. आठ सिनेमांनी मिळून जगभरात सुमारे ७.७ अब्ज डॉलर कमावले.

सेफ खेळायचं नाही

पहिले दोन भाग तुफान चालल्यावर तिसरा तसाच करणं सगळ्यात सोपं होतं. हेमन गेला अल्फोन्सो क्वारोनकडे. या मेक्सिकन दिग्दर्शकाचा त्याआधीचा सिनेमा होता ‘इ तू मामा ताम्बिएन’, मुलांना जवळपासही फिरकू देता येणार नाही असा. क्वारोनने तर पॉटरची पुस्तकं वाचलीही नव्हती. मित्र गिर्येमो देल तोरोने झापलं, तेव्हा वाचली. आता बघा, ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’ हा आठांतला सर्वोत्तम मानणारे किती तरी फॅन भेटतात. हेमनला क्वारोनमध्ये पौगंडावस्था समजणारा माणूस दिसला होता, आणि तिसऱ्या भागात हॅरी तेरा वर्षांचा होतो.

पाचव्या भागासाठी आपल्या मीरा नायरलाही विचारणा झाली होती. मुलगा झोहरानचं ऐकून तिने ‘द नेमसेक’ निवडला. काही वेळा समोरच्याचं ‘नाही’सुद्धा योग्य असतं.

क्वारोनशी जुळलेली तार पुढे ‘ग्रॅव्हिटी’त कामी आली. अंतराळात भरकटलेली एक स्त्री, पडद्यावर जेमतेम दोन पात्रं, आणि चित्रण कसं करायचं याचं तंत्रच अस्तित्वात नाही. एक स्टुडिओ सुटला, ठरलेले स्टार सोडून गेले. शेवटी सँड्रा बुलकला हजारो एलईडी दिव्यांनी मढवलेल्या एका पेटीत ठेवून तिच्याभोवती प्रकाश फिरवला गेला. काही वर्षांच्या खटपटीनंतर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि त्याला सात ऑस्कर मिळाले.

‘पॅडिंग्टन’चीही तीच तऱ्हा. २००७ मध्ये घोषणा, २०१४ मध्ये सिनेमा. त्यातही रिलीजच्या वर्षीच लक्षात आलं, की कॉलिन फर्थचा भारदस्त आवाज या छोट्या अस्वलाला शोभत नाही. फर्थ समजुतीने बाजूला झाला, बेन व्हिशॉ आला. एवढ्या उशिरा, एवढ्या मोठ्या नटाला ‘हे जमत नाहीये’ सांगायचं आणि मैत्रीही टिकवायची! ‘पॅडिंग्टन’चा दिग्दर्शक पॉल किंग, त्याच्याचबरोबर हेमनने नंतर ‘वोंका’ केला. त्याच्या सिनेमांची यादी वाचताना हे सतत दिसतं, एकदा जोडलेला माणूस पुन्हा येतो.

आणि जे पडलं ते

सगळंच चाललं असं नाही. हेडे फिल्म्सचा सुरुवातीचाच सिनेमा, १९९९ चा ‘रॅव्हनस’, भर शूटिंगमध्ये दिग्दर्शक बदलावा लागलेला आणि तिकीटबारीवर साफ आपटलेला. म्हणजे पॉटर जुळत होता त्याच काळात हा फटका बसला. ‘फँटास्टिक बीस्ट्स’चे पाच भाग ठरले होते, गाडी तिसऱ्यावरच थांबली. ‘ग्रॅव्हिटी’, ‘मॅरेज स्टोरी’, ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवुड’ आणि ‘बार्बी’ अशा चार सिनेमांसाठी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं. त्यातले मधले दोन तर एकाच वर्षी. ऑस्कर मात्र या चारपैकी एकदाही घरी आलं नाही.

आपल्याकडे ‘तू काय करतोस?’ याचं उत्तर ‘मी लिहितो’, ‘मी अॅक्टिंग करते’ असं एका क्रियापदात देता आलं, तरच ते टॅलेंट धरलं जातं. ग्रुपमधल्या ज्याला यातलं काहीच धड येत नाही, पण दुसऱ्याचं चांगलं लिखाण लगेच ओळखता येतं आणि चार तिरसट माणसांना महिनाभर एका खोलीत टिकवता येतं, त्याच्या टॅलेंटला नावच नसतं. हेमनने चाळीस वर्षं हेच काम केलंय. ओळखी, पैसा, नशीब यांचा वाटा त्यात आहेच. पण शेल्फवरचं पुस्तक कुणाच्या तरी सांगण्यावरून उचलून रात्रभर वाचायला यातलं काहीच लागत नाही.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये ग्रुपमधली सगळ्यात ज्युनिअर पोरगी ‘मी एक भारी वाचलंय’ म्हणाली, तर नाव ऐकून नाक मुरडू नका. आणि ती पोरगी तुम्हीच असाल, तर गप्प बसू नका.

वीकेंड वॉचलिस्ट

*प्रिझनर ऑफ अझ्काबान (२००४):* योग्य दिग्दर्शक निवडल्याने एखादी मालिका कशी बदलते ते बघायला.
*ग्रॅव्हिटी (२०१३):* जमेल तितक्या मोठ्या पडद्यावर, हेडफोन लावून.
*पॅडिंग्टन २ (२०१७):* लहान मुलांचा सिनेमा म्हणून टाळला असेल तर आधी हाच. शेवटी रुमाल जवळ ठेवा.
*मॅरेज स्टोरी (२०१९):* घटस्फोटाची गोष्ट. तो बरोबर की ती, यावर ग्रुपमध्ये भांडण नक्की.