मुळशी ते फैजपूर: चार आण्यांच्या सभासदाचे अधिवेशन

राजकीय पक्षाच्या वार्षिक अधिवेशनाचा वृत्तान्त बहुधा अध्यक्षांच्या मिरवणुकीपासून सुरू होतो आणि ठरावांच्या यादीपाशी संपतो. ज्याच्या वर्गणीवर तो सारा मांडव उभा राहतो त्या सभासदाने तेथे काय केले, हे त्यातून क्वचितच कळते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, म्हणजे डिसेंबर १९३६ मधील पूर्व खानदेशातील फैजपूरचे अधिवेशन, या सभासदाच्या बाजूने पाहिले तर त्याची वाट मुळशीवरून जाते.

मुळशी पेट्यात मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व सेनापती बापट यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे यांनी केले. लढ्यामागे काँग्रेसची पुण्यातील मंडळी उभी राहिली खरी, पण जमिनीवर सावकारी हक्क असलेले अनेक जण पुण्यातच राहत होते व त्यांना मोबदला पुरेसा वाटत होता. कसणाऱ्याला तो कधीच पुरणारा नव्हता. लढा मोडला, खोरे बुडाले.

नागपूरच्या १९२० च्या घटनेनुसार चार आणे, म्हणजे पाव रुपया, वार्षिक वर्गणी भरणारा कोणीही काँग्रेसचा सभासद होऊ शकत असे. मात्र चार आण्यांनी मताचा हक्क मिळे तो प्रतिनिधी निवडण्यापुरता. प्रतिनिधींची कमाल संख्या १९३४ मध्ये २००० वर आणली गेली होती. ठरावांची खरी घासाघीस विषय नियामक समितीत, म्हणजे खुल्या अधिवेशनापुढे काय यावे हे आधी ठरवणाऱ्या समितीत, होत असे, आणि खुल्या अधिवेशनात प्रतिनिधीच्या वाट्याला मुख्यतः भाषणे ऐकून हात वर करण्याचे काम उरत असे. फैजपूरला अधिवेशनासाठी उभारलेले बांबूचे ‘टिळकनगर’, नंदलाल बोस यांनी केलेली सजावट, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांचे स्वागत, या गोष्टी पुष्कळदा लिहिल्या गेल्या आहेत.

कमी लिहिले गेले आहे ते मनमाडहून पायी आलेल्यांविषयी. किसान सभेचे अधिवेशनही त्याच सुमारास फैजपूरला होते आणि त्यासाठी सुमारे पाचशे शेतकरी दोनशे मैल चालत आले, असे इतिहासग्रंथांत नोंदवलेले आहे. त्यांच्या म्होरक्यांत भुस्कुटे होते. दोनशे मैल हा आकडा सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. मनमाड ते फैजपूर हे सरळ अंतर याहून बरेच कमी भरते, तेव्हा आकडा खरा धरला तर हा जथा वाटेतली गावे घेत, थांबत, बोलत आला असला पाहिजे, आणि हात वर करण्याच्या तुलनेत हेच सभासदाचे अधिक खरे काम म्हणावे लागेल. नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, श्रीपाद अमृत डांगे अशा पुढाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. बापट मात्र त्या वेळी तुरुंगात होते.

अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. शेतसारा व खंड कमी करणे, कर्जाचे ओझे हलके करणे, सरंजामी देणी रद्द करणे आणि शेतमजुराला निर्वाहापुरती मजुरी ही त्याची प्रमुख कलमे होती. त्यांचे मोल कमी लेखता येत नाही. तरी धरणात जमीन गेलेल्याचे पुढे काय, याचे कलम त्यांत नव्हते, आणि तो प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी अंगावर घेतलेला माणूस त्याच गावात हजर होता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. तोवर मुळशी धरण पुरे होऊन अर्धे शतक होत आले होते.