एका ठशातून किती नाणी?

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची: एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती चक्क ग्रीक अक्षरं, दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. पण नहपानानं एकूण नाणी पाडली किती? टांकसाळीचं दप्तर उरलेलं नाही. अशा वेळी ग्रीक नाण्यांचे अभ्यासक ठसे मोजतात.

ऐरणीत बसवलेला एक ठसा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे नाकाची रेघ, अक्षरांमधलं अंतर, ठशाला गेलेला तडा यांवरून एकाच ठशाची नाणी ओळखता येतात. समजा, १०० नाण्यांत ४० ठसे दिसले आणि त्यांतले २० एकेकदाच आले. म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा नाणी न पाहिलेल्या ठशांची. ४० भागिले ०.८; मूळ ठसे निदान ५०च्या घरात.

इथवर ठीक. दर ठशामागं नाणी किती, यावर मात्र जुंपते. ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखांतल्या हिशेबावरून २३ ते ४७ हजार असा अंदाज निघाला, पण नाणेतज्ज्ञ टी. व्ही. बट्री यांना ठसे गुणिले दर ठशाची नाणी हा गुणाकारच मंजूर नव्हता.

जोगलथेंबीत आणखी एक गुंता. ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चैत्य आणि उज्जैन चिन्हं ठोकली, त्याखाली नहपानाचा ठसा दबला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही सातवाहन नाणी मिळाली आहेत, त्यांचेही ठसे मोजावेत. पण त्या राजवटीत शिशाचं चलन बरंच. शिसं मऊ, अक्षरं लवकर पुसली जातात, मग ठसे ओळखणं अवघड.